अमीनसाहेबापुढं कसं जायचं

—न्हाय न्हाय, पावणं, टोपी काढूनच आत जायचं. तुमच्या सोलापुरात चालत असंल, ही मोगलाई हाय, परका मुलूख — इथं अमीनसाहेबापुढं टोपी घालून गेलं की त्यांस्नी अपमान वाटतोय. द्या, माझ्याकडं द्या ती. बसा माझ्या दुकानात, चहा घ्या तवर. भाऊ तुमचे सकाळपास्नं अमीनसाहेबाच्या जकातनाक्यावर अडकून पडल्यात, लुगड्यांच्या गठड्यांसकट, व्हय ना? सुटतील की! बोलणं तेवढं रीतीनं पायजे. आत गेलं की थेट गालिच्यावर बसायचं, हुबं न्हाय ऱ्हायचं — हुबा ऱ्हायला की माणूस चोर वाटतोय. सायबाला 'तुम' म्हणा. 'आप' म्हणलं की परकेपणा येतोय. विडा पुढं केला तर नको म्हणा, न्हायतर हावरा म्हणत्यात. सलाम? करा की — डाव्या... न्हाय, उजव्याच हातानं.

हसू नका. परक्या मुलखात हसायचं न्हाय, हे पैलं ध्यानात ठेवा. आमच्या अणदुरात एक पोरगी हाय, शिवम्मा. चार वर्सांखाली सोलापूरचे पावणे तिला पसंत करून गेलते — तुमच्यावाणीच, लुगड्यांचे व्यापारी. मग सुपारी फोडायला आले. पोरगी पाण्याचा तांब्या घिऊन बाहेर आली. कचेरीतली मोठी माणसं कशी बोलत्यात ते तिनं मुद्दाम पाठ केलतं — पदर सावरून म्हणली, 'तशरीफ ठेवा.' कशापायी? मान द्यावा म्हणूनच ना? तर नवरदेव खो खो हसला. 'ही मोगलाईतली खेडवळ आमच्या घरात काय बोलंल?' म्हणला, उठला, जोडे घातले आन् गेला. सारा गाव दाराशी. पोरगी तांब्या धरून तशीच हुबी. तवापास्नं पावण्यांपुढं तोंडच उघडंना. दुसरं स्थळ आलं, मुकी हाय म्हणून परत गेलं. तिसरं — तेबी गेलं. आता चुलीपुढं एकटीच बसती आन् 'बसा... बसा' म्हणती — साधं 'बसा', कसं म्हणावं ते घोकती. म्या दाराआड हुबा ऱ्हाऊन ऐकतो आन् माझं काळीज —

काय? म्या कसा ऐकतो? शेजारीच... शेजारी घर हाय की आमचं. असं काय बघताय? व्हय, तवा दाढी नव्हती मला. बसा, मल्लिनाथ, बसा! हात कशाला जोडताय? त्या दिशी म्या जोडले हुते, पोरीचा बाप म्हणून. तुमच्या पायापतूर वाकलो हुतो, सगळ्या गावादेखत — तुमी जोड्याचा बंद बांधत हुता.

म्या सांगितलं त्यात खरं किती, खोटं किती? व्हय, आता तेच पडलंय तुमास्नी. बसायचं का हुबं ऱ्हायचं, 'तुम' का 'आप', विडा घ्यायचा का न्हाय — भावाचा जीव टांगलाय तिकडं, आन् एका शब्दात माणूस हसण्यावारी जातोय, कसं वाटतंय? सांगू? न्हाय सांगत. त्यो बघा, शिपाई कचेरीच्या दारात येऊन तुमचंच नाव पुकारतोय. ही घ्या टोपी. घाला, न्हायतर हातात धरा, तुमचं तुमी बघा.

उठा. ...ऊठ म्हणलं न्हवं का. नीघ माझ्या दुकानातनं.