अबोल्यात सुटलेली बोट

मी, सगळे ज्याला पाणकावळा म्हणतात तो, वय तेवीस, शिक्षण चौथी (पाचवीत बसलो होतो पण टिकलो नाही), धंदा पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवणे, राहणार धक्क्यामागच्या बर्फाच्या कारखान्यावरची खोली, मूळ राहणार इथून फार लांब, आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर होऊन तोंडी सांगतो की,

वरील खोलीत मी दीड वर्षापासून राहतो. त्याआधी वीटभट्टी, टायरचे दुकान, लॉन्ड्री आणि सर्कशीचा तंबू अशी कामे केली. कुठेही चार महिन्यांच्या वर थांबलो नाही. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी आहे. इथेच दीड वर्ष का टिकलो, असे साहेबांनी विचारले. ते मला सांगता येत नाही.

ज्या बोटीवर मी काम करतो ती सकाळी धक्क्यावरून सुटते आणि दिवसभरात तीन बेटे दाखवते. पहिल्या बेटापाशी मी लोकांना डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यात उतरवतो. दुसऱ्या बेटावर दुपारचे जेवण आणि झाडाखाली झोप. तिसऱ्यापाशी परत पाण्यात. नंतर तिथेच जवळ वाळूचा एक उंचवटा ओहोटीला उघडा पडतो, त्यावर टेबल मांडून सूर्य बुडताना जेवण. जाहिरातीत असेच छापले आहे आणि तसेच आम्ही करतो.

बोट दोघांच्या मालकीची आहे. बोट चालवतात त्यांना मी काका म्हणतो. बोटीवर रांधतात त्यांना मामा म्हणतो. दोघे माझे नात्याचे कोणी नाहीत. ते एकमेकांचे साडू आहेत, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघांचे दोन वर्षांपासून बोलणे बंद आहे. कारण असे की, बोट रंगवायच्या वेळी काकांनी निळा रंग आणला आणि मामांनी हिरवा. कोणीच मागे हटले नाही. तेव्हापासून बोट डावीकडून निळी आणि उजवीकडून हिरवी आहे. बहिणींचे मात्र उत्तम आहे. त्या रोज एकीच्या ओट्यावर बसून दोन्ही घरचे बोलतात आणि नवऱ्यांवर हसतात.

मला कामावर ठेवताना पोहता येते का, एवढेच विचारले होते. खरे काम तोंडाचे आहे हे नंतर कळले. काका आणि मामा यांच्यात जे काही बोलायचे ते माझ्यामार्फत होते. दोघे हाताच्या अंतरावर असले तरी तसेच. मामा म्हणणार, "त्यांना म्हणावं वळण जरा बेताने घ्या, माझी पातेली घसरतात." काका म्हणणार, "त्यांना म्हणावं पातेल्यांना कोणी आमंत्रण दिलं नव्हतं." मी दोघांकडचे तिखट मधल्या मध्ये गिळायचो आणि कामाचे तेवढे पुढे द्यायचो. त्यामुळे माझ्या दीड वर्षात भांडण असे झाले नाही.

काल रविवारी बोटीवर बारा पाहुणे होते. त्यात एक निवृत्त हेडमास्तरीण बाई होत्या, त्यांना सगळे हेडबाई म्हणत होते. त्यांनी आयुष्यात डोके पाण्याखाली घातले नव्हते. पहिल्या बेटापाशी मी त्यांना सांगितले, "बाई, नाक विसरायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, आणि घाबरलात तर माझं मनगट धरायचं." त्या म्हणाल्या, "मनगट दे, पण मी घाबरणार नाही, आधाराला धरीन." मग त्यांनी पाण्यात तोंड घातले ते बराच वेळ वर काढलेच नाही. पोवळ्यांच्या खडकात पिवळे मासे घोळक्याने फिरत होते. बाई नळीतून काहीतरी बोलत होत्या. वर आल्यावर विचारले तर म्हणाल्या, "त्यांना ओळीत उभं राहायला सांगत होते." पहिली दोन बेटे अशी हसण्यात गेली. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

तिसऱ्या ठिकाणी जे घडले ते असे. तिथे नांगर टाकायची आमची रीत ठरलेली आहे. काका पुढून नांगर टाकतात, दोर सोडत जातात, नांगर रुतला की म्हणतात, "बांध म्हणावं." मी मामांना सांगतो, "मामा, बांधा." मामा दोराचे टोक बोटीवरच्या खुंटीला बांधतात आणि म्हणतात, "बांधला म्हणावं." मी काकांना सांगतो. मगच कोणीही उतरायचे. काल काका नांगर टाकत असतानाच हेडबाईंनी काच लावली आणि कोणाला न विचारता उडी मारली. माझे काम पाहुण्यांमागे जाण्याचे, म्हणून मी त्यांच्या मागे उडी मारली. बाकीचे आमच्या मागे आले. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होते, हे मी खात्रीने सांगतो.

मी पाण्यात असताना काका बोटीवर "बांध म्हणावं" असे म्हणाले. मी तिथे नव्हतो हे त्यांना उन्हामुळे दिसले नाही, असे ते म्हणतात. मामा तीन हातांवर शेगडी उचलत होते. त्यांना शब्द ऐकू गेले होते का, असे साहेबांनी मामांना काल रात्री विचारले. मामा म्हणाले, "ऐकू आलं. पण मला सांगितलेलं नव्हतं." यात त्यांनी खोटेपणा केला असे मला वाटत नाही. दोन वर्षांची सवय आहे. मामा शेगडी घेऊन वाळूवर उतरले. काका टेबल घेऊन उतरले. दोर तसाच राहिला.

थोड्या वेळाने मामांनी मासे निखाऱ्यावर ठेवले आणि मान वर केली, तर बोट हळूहळू मागे सरकत होती. काका दहा पावलांवर बोटीकडे पाठ करून टेबलावर कापड अंथरत होते. मामा काकांना काही बोलले नाहीत. ते पाण्याच्या कडेला जाऊन माझे डोके वर येण्याची वाट पाहत उभे राहिले. मी तेव्हा खाली दगडात लपलेला खेकडा लोकांना दाखवत होतो. हेडबाई दम खायला वाळूवर आल्या होत्या, त्यांनी मामांना विचारले, "बोट निघाली कुठे?" मामा म्हणाले, "तेच सांगायचंय, पोरगा वर येऊ दे." बाई म्हणाल्या, "अहो, ते काय मालक समोर उभे." मामा म्हणाले, "आमचं बोलणं नाही." बाईंनी हे ऐकून घेतले आणि स्वतःच काकांना हाक मारली. तोवर बोट ओढीला लागली होती.

मी वर आलो तेव्हा बोट दोन शेतांइतकी लांब होती. मी तिच्यामागे पोहत सुटलो. पाण्याची ओढ माझ्यापेक्षा जोरात होती. मागून काका ओरडले, "परत फिर." त्याच वेळी मामाही ओरडले, "परत फिर." काका पुढे म्हणाले, "एक गेली तेवढी पुरे." मी परत फिरलो. याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

पाहुण्यांच्या पिशव्या, चपला, फोन सगळे बोटीत होते. फक्त हेडबाईंच्या गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात फोन होता, तोही माशांचे फोटो काढून संपत आलेला. काकांनी त्यावरून समुद्रावरच्या गस्तीच्या लोकांना फोन लावला आणि सांगितले, आमची निळी बोट सुटली आहे. मामा मला म्हणाले, "त्यांना सांग, उजवीकडून हिरवी दिसते." मला दम लागला होता आणि पोवळे लागून पाय कापला होता. मी म्हणालो, "मी सांगणार नाही. तुम्ही अडीच हातांवर उभे आहात. दोघांना तोंडं आहेत." असे मी वडीलधाऱ्यांना बोललो हे खरे आहे.

भरती सुरू झाली होती, पाणी टेबलाच्या पायांना लागले होते. फोनवर गस्तीचा माणूस म्हणत होता, निळी कुठे दिसत नाही, एक हिरवी रिकामी उभी आहे. काका फोन कानाला लावून मामांकडे बघत राहिले. मग ते मामांना म्हणाले, "मासे करपतायत."

मामा म्हणाले, "दिसतंय मला." मग म्हणाले, "हिरवी तीच आपली. सांगा त्यांना."

काकांनी ते फोनवर सांगितले. आम्ही कुठे उभे आहोत हे सांगायच्या आत फोन बंद पडला. गस्तीच्या लोकांना बोट मिळाली, बोटीत चौदा-पंधरा जोड चपला मिळाल्या आणि माणूस एकही मिळाला नाही. त्यांनी माणसे बुडाली असे समजून शोध सुरू केला. म्हणून हा गुन्ह्याचा कागद झाला आहे. आम्ही बुडालो नव्हतो. आम्ही जेवत होतो.

तिथे भरतीला पाणी कमरेच्या वर चढत नाही हे काकांना ठाऊक होते. पाहुण्यांना घाबरवायचे नाही म्हणून बोट परत येईल असे सांगून त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती पाण्यातच खुर्च्यांवर बसवले. सूर्य लाल होऊन टेकला होता. गुडघ्यापाशी छोटे मासे फिरत होते. एक पाहुणे बायकोला म्हणाले, "पैसे वसूल झाले." हेडबाईंना खरे काय ते माहीत होते, तरी त्यांनी मोठ्याने विचारले, "हे असं पाण्यातलं जेवण रोज असतं का?" काका म्हणाले, "आज खास." मामांनी करपलेले मासे कोणाला दिले नाहीत. ते आम्ही तिघांनी खाल्ले.

वाढता वाढता मामा काकांना म्हणाले, "दोर बांधायला सांगायला काय झालं होतं?" काका म्हणाले, "सांगितलं होतं." मामा म्हणाले, "कोणाला? वाऱ्याला?" तिथून सुरू झाले. रंग निघाला. रंगाआधी कोणाच्या साखरपुड्यात कोणाला पहिल्या पंगतीला बसवले नाही ते निघाले. पातेली निघाली. मी मधले काही गिळले नाही, सगळे ज्याचे त्याला थेट मिळत होते. पाहुणे खाता खाता ऐकत होते आणि हेडबाई मधून मधून, "एकेकाने बोला," म्हणत होत्या. अंधार पडू लागला तरी दोघे थांबले नाहीत. आवाज पाण्यावरून फार लांब जातो. गस्तीची बोट आमच्याकडे आली ती टेबलावरचा कंदील बघून आली नाही, त्या दोघांच्या आवाजाच्या रोखाने आली, असे गस्तीवाल्यांनी स्वतः सांगितले आहे. सगळे पाहुणे धड आहेत. माझ्या पायाला तीन टाके पडले, त्याबद्दल माझी कोणावर फिर्याद नाही.

दोर बांधण्याची जबाबदारी नक्की कोणाची, एकाचे नाव सांग, त्याप्रमाणे परवान्याचे ठरेल, असे साहेबांनी मला विचारले. परवाना गेला तर बोट धक्क्याला बांधून राहील हे मला समजते. मी सांगतो की, काकांनी म्हटले, मामांनी ऐकले, आणि ज्याच्या तोंडून ते जायचे तो मी पाण्याखाली होतो. यातून एक नाव मला काढता येत नाही. एकाला दोषी लिहिले तर दुसरा एकटा बोट चालवणार नाही, हे मी दीड वर्ष रोज बघितले आहे. बोलत नव्हते तेव्हाही मामा पहिले ताट काकांचे वाढायचे. पोहोचवायला माझ्याकडे द्यायचे.

साहेबांनी दोघांना आत बोलावून विचारले. काका म्हणाले, चूक माझी, बांधला का ते मी वळून पाहिलं नाही. मामा म्हणाले, त्यांचं ऐकू नका, चूक माझी. काका म्हणाले, माझी आहे म्हणतोय ना. मामा म्हणाले, तुम्ही नेहमी असंच पुढं पुढं करता. आवाज वाढल्यामुळे साहेबांनी दोघांना परत बाहेर बाकावर बसवले. मग साहेबांनी बंदराच्या कचेरीत फोन केला. तूर्त ताकीद देऊन सोडतो, पण नांगर टाकणाऱ्याने आणि दोर बांधणाऱ्याने एकमेकांना मोठ्याने सांगायचे, मधे माणूस चालणार नाही, असे दोघांकडून लिहून घ्यायचे ठरले. दोघांनी सही केली. हेडबाईंनी येत्या रविवारच्या दोन जागा आत्ताच राखून ठेवायला सांगितले आहे, एक त्यांची आणि एक बहिणीची.

पुढे बोलावणे आले तर याच पत्त्यावर सापडशील का, असे मला विचारले. सापडेन.

वरचा सगळा मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने बाहेर बाकावरही ऐकू जात होते. वाचून झाल्यावर मामांनी काकांना विचारले, "बरोबर आहे ना?" काका मामांना म्हणाले, "बरोबर आहे." मला कोणी विचारले नाही. माझ्या मतेही तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली अंगठा न देता सही करतो.