पाच नंबरच्या पॉइंटला कठडा नाही

जबाब

नाव – सोबतच्या पानावर वेगळे घेतले आहे. ओळखणारे सगळे ‘क्लचबाई’ म्हणतात. वय – ५१ वर्षे. धंदा – मोटार चालवायला शिकवणे. राहणार – बसस्थानकामागे, टायरच्या दुकानावर, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून हकीकत सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते व त्याच इमारतीत तळमजल्यावर मोटार शिकवण्याचा वर्ग चालवते. या धंद्याला बावीस वर्षे झाली. माझी एकच पांढरी गाडी आहे. तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे. माझ्याविरुद्ध अशी तक्रार आली आहे की, काल रविवारी मी तक्रारदारांच्या बायकोला फूस लावून गाडीतून पळवून नेले आणि तक्रारदारांना कड्याच्या रस्त्यावर निर्जन जागी सोडून दिले. यातला दुसरा भाग खरा आहे.

तक्रारदारांची बायको, वय अंदाजे तीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करते. ती तीन महिने दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे शिकायला येत होती. हात नेमका, पण पाय भित्रा. क्लच इतक्या हळू सोडायची की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून दमायच्या. घरी तिने सांगितले नव्हते. का, ते मी विचारले नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका घरी न सांगताच येतात आणि परवाना हातात पडला की सांगतात.

गेल्या सोमवारी सायंकाळी सहाच्या सुमारास तक्रारदार स्वतः वर्गात आले. ते लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. फी भरल्याची पावती त्यांना घरी सापडली होती. मला वाटले, आता भांडण. पण आवाज अजिबात चढला नाही. म्हणाले, “मॅडम, हिचे दोनच दिवस राहिलेत ना? एक दिवस कड्याच्या रस्त्यावर न्या की. मीपण येतो. तो रस्ता मी कधी बघितलेलाच नाही.”

शिकणाऱ्याच्या घरचे माणूस मागच्या सीटवर घ्यायचे नाही, हा माझा नियम आहे. मागून कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी पुढच्याचा पाय चुकतो. पण ते इतके अदबीने बोलले की मी हो म्हणून बसले. आरडाओरडा करणाऱ्याला मी दारातून परत पाठवते, गोड बोलणाऱ्यापुढे मात्र माझे काही चालत नाही. ही माझी चूक आहे आणि ती जबाबात घ्यावी.

काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही नाका ओलांडला. ती चालवत होती, मी शेजारी, तक्रारदार तिच्या मागे. तिथून पुढे चोवीस किलोमीटर रस्ता दरीच्या कडेने जातो. तो एकदिशा आहे. एकदा आत गेले की मागे फिरता येत नाही, दुसऱ्या टोकालाच बाहेर पडावे लागते. दरी बघायला सात ठिकाणी थांबे आहेत, त्यांना पॉइंट म्हणतात.

एक नंबरच्या पॉइंटला गर्दी होती. तक्रारदारांनी बायकोला कठड्याला पाठ लावून उभे केले आणि फोटो काढले. दोन नंबरलाही तसेच. “अजून मागे टेक. घाबरतेस काय, लोखंड आहे ते.” ती टेकत होती, पण हातांनी मागचा गज घट्ट धरून. फोटोत हसू यावे म्हणून मी काहीतरी विनोद केला. कोणता ते आता आठवत नाही. कुणी हसले नाही हे आठवते.

दोन आणि तीनच्या मधे तक्रारदारांनी मागून विचारले, “मॅडम, इथून वर्षाला किती जण पडतात, माहीत आहे?”

मी म्हणाले, “माझ्या गाडीतून अजून एकही नाही.”

ते म्हणाले, “गाडीतून नाही हो. फोटो काढताना. नऊ.”

बायकोने त्या वेळी तिसरा गिअर टाकायच्या ऐवजी पहिला टाकला. गाडीला हिसका बसला. मी माझ्या बाजूचा क्लच दाबला. तक्रारदार म्हणाले, “सावकाश गं, घाई कशाची?” आणि तिच्या मानेवर हात ठेवला. तो हात त्यांनी तीन नंबर येईपर्यंत काढला नाही. चालवणाऱ्याला हात लावू नये, असे मी दोनदा सांगितले. तेव्हापासून माझा पाय माझ्या ब्रेकवरच होता.

तीन नंबरला त्यांनी तिची पर्स स्वतःकडे घेतली. फोटोत बरी दिसत नाही, असे कारण दिले. तिचा फोन आणि शिकाऊ परवाना पर्समध्ये होता. चार नंबरला सव्वाअकराला पोचलो. तक्रारदार स्वच्छतागृहात गेले. आम्ही दोघी गाडीत होतो. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून, माझ्याकडे न बघता सांगितले, “बाई, आज रस्ता संपेपर्यंत मला एकटं सोडू नका.”

मी म्हणाले, “काय झालं गं?”

ती म्हणाली, “काही नाही. पावती सापडल्यापासून ते एकदाही रागावले नाहीत.”

एवढेच बोलणे झाले. ते येताना दिसले आणि तिने सीटबेल्ट लावला. मी भित्री नाही. नवशिके लोक ज्या गाडीत माझ्या भरवशावर बसतात, त्या गाडीत मी रोज आठ तास त्यांच्या भरवशावर बसते. पण त्या वेळी मी घाबरले होते, हे स्पष्ट सांगते.

तक्रारदार बसल्यावर मी म्हणाले, “आता सरळ बाहेर पडू. ऊन चढलंय.” ते म्हणाले, “पाच नंबरला थांबायचंच. तिथं कठडा नाही, फोटो मोकळा येतो.” हा रस्ता कधी बघितला नाही म्हणणाऱ्या माणसाला हे कसे ठाऊक, असा विचार माझ्या मनात आला. मी तो बोलून दाखवला नाही.

पाच नंबरच्या तोंडाशी साखळी होती आणि ‘काम चालू, प्रवेश बंद’ अशी पाटी. आत कुणी नव्हते. तक्रारदार खाली उतरले, साखळी काढली आणि हाताने आम्हाला आत यायची खूण केली. साखळीचा आकडा पाटीच्या मागे आहे, तो त्यांना शोधावा लागला नाही. त्या वेळी मी तिला ‘सरळ चल’ म्हणायला हवे होते. पण एखाद्याला असे रस्त्यात टाकून कसे जायचे, असे वाटले. दहा मिनिटांनी मी तेच केले. ती मात्र इंडिकेटर देऊन व्यवस्थित आत वळली. मी गाडीचे तोंड रस्त्याकडे करून लावायला सांगितले. किल्ली तिच्या हातात होती.

वेळ अकरा चाळीस. जुना कठडा कापून बाजूला रचून ठेवला होता. तक्रारदारांनी तिला कडेपाशी, दरीकडे पाठ करून उभे केले. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते. ते फोन डोळ्यांसमोर धरून म्हणाले, “एक पाऊल मागे. छान. अजून एक.” ती सांगितल्याप्रमाणे करत होती. तिचा चेहरा मी बघितला, त्याबद्दल मला सांगता येणार नाही. गाडी मागे घेताना किती जागा उरली, हे नजरेने सांगण्यात माझे आयुष्य गेले आहे. तिच्या टाचेमागे दीड वीत जागा होती.

तेव्हा मला फोनचा पडदा दिसला. तो काळा होता. फोन बंद होता.

त्यांनी “अजून एक” म्हटले आणि तिने पाय उचलला. तिथे माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता. मी ओरडले, “ब्रेक.” माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून एकच शिस्त आहे, मी हा शब्द उच्चारला की आधी पाय, मग प्रश्न. तिचा उजवा पाय जागच्या जागी धाडकन खाली आला. खडी उडाली. ती थांबली.

तक्रारदार वळून हसले. म्हणाले, “काय मॅडम, फोटो घालवलात.” मी म्हणाले, “फोन बंद आहे तुमचा.” ते हसायचे थांबले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या मागे, रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिले.

तेवढ्यात ती बाजूने चालत गाडीपाशी गेली. धावली नाही. मीही तिच्या मागे गेले. ती चालकाच्या जागी बसली, आरसा नीट केला, बेल्ट लावला. मी शेजारी बसले. दारांचे लॉक मी लावले. तक्रारदारांनी तिच्या बाजूची काच बोटाने वाजवली आणि म्हणाले, “अगं, पर्स राहिली तुझी.” तिने क्लच सोडला, नेहमीसारखा हळू नाही. एका झटक्यात सोडूनही गाडी बंद पडली नाही, ही तीन महिन्यांतली पहिलीच वेळ.

इंडिकेटरऐवजी तिने वायपर सुरू केले. कोरड्या काचेवर ते सात नंबर येईपर्यंत घासत होते. बंद करायला मी हात पुढे केला नाही, मी आरशात मागचा रस्ता बघत होते.

तिला मी पळवली काय, यावर सांगते की, स्टिअरिंग तिच्या हातात होते आणि मी शेजारी बसले होते. पळवले असेलच तर तिने मला. तक्रारदार मागून येणाऱ्या प्रवाशांच्या गाडीने सुखरूप खाली आले, हे मला इथेच समजले. पर्स अजून त्यांच्याकडे आहे.

ती सध्या कुठे आहे, असे विचारल्यावरून सांगते की, ती कुठे उतरली ते मला माहीत आहे. जबाबाची प्रत तक्रारदाराला मिळते का, असे मी विचारले. अर्ज केल्यास मिळू शकते, असे उत्तर मिळाले. म्हणून मी ते ठिकाण या कागदावर देत नाही. तिला स्वतःचा जबाब द्यायचा आहे. हा जबाब लिहून घेणाऱ्या महिला अंमलदार एकट्या यायला तयार असतील, तर मी त्यांना माझ्या गाडीने नेईन. वाटेत मागे कोण येते, ते मी आरशात बघत राहीन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तक्रारदार दाराबाहेरच्या बाकावर बसलेले असल्यामुळे माझ्या विनंतीवरून तो दार लावून, हळू आवाजात वाचला. पाणी हवे का, असे विचारायला ते दोनदा दार उघडून आत आले, तेव्हा वाचणे थांबवले होते. मी सांगितले तसेच लिहिले आहे.