हाकेच्या अंतरावर

पुरवणी जबाब

माझे नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. त्या नावाने मला आता कोणी हाक मारीत नाही. वय पन्नास पूर्ण, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी बोलावले नसताना आपण होऊन हा जबाब लिहून देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व मुलीसह राहतो. गेल्या रविवारी माझा मित्र डोंगरावर कड्यावरून पडून वारला, त्याबाबत माझा एक जबाब याच ठाण्यात झालेला आहे. त्यात 'मला कोणाचीही हाक ऐकू आली नाही' असे वाक्य आहे. ते खोटे आहे. दुसऱ्या एका मित्राच्या जबाबात 'मयत हा मस्ती करीत कड्याच्या काठाने गेला' असे आहे. तेही खोटे आहे. तो मस्ती करीत नव्हता, मला शोधत होता. एवढे एकच वाक्य लिहून घ्या आणि मला मोकळे करा, असे मी हवालदारांना म्हटले. ते म्हणाले, असे मधूनच लिहिता येत नाही, पहिल्यापासून सांगा. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आम्ही चौघे पाचवीपासूनचे मित्र. जो वारला तो बसस्थानकावर चौकशी खिडकीत होता आणि माइकवर गाड्यांची घोषणा करायचा. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. शाळेतही त्याचा आवाज तसाच होता, माइकची गरज नव्हती. दुसरा औषधाच्या दुकानात आहे, तो कंपाउंडर. तिसऱ्याचे विजेच्या सामानाचे दुकान आहे, पण बोलण्यात कोणाला ऐकत नाही म्हणून त्याला वकील म्हणतात. मला पाचवीतच चष्मा लागला, तेव्हापासून मी ढापण्या. भोंग्याने चाळीस वर्षांत मला दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारली नाही. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांपुढेसुद्धा ढापण्याच म्हणाला होता. माझे खरे नाव त्याच्या तोंडी यायचे ते फक्त शाळेत. मी दांडी मारली की बाईंनी नाव पुकारल्यावर तो आवाज बदलून 'हजर' म्हणायचा आणि मागाहून मधल्या सुट्टीत मला त्या नावाने चिडवायचा.

हवालदारांनी लिहिताना भोंग्याला 'मयत' लिहिले. मी हरकत घेतली. ते म्हणाले, अहो, पद्धत आहे. मी म्हटले, तुमची पद्धत तुमच्यापाशी, माझ्या जबाबात मित्र लिहा. ते बरे गृहस्थ आहेत, त्यांनी खोडून मित्र लिहिले.

रविवारी मला पन्नास वर्षे पूर्ण झाली. सकाळपासून मला कोणी काही बोलले नाही. बायकोने चहा दिला आणि गॅसवाल्याला फोन करा म्हणाली. मुलगी आंघोळीला गेली. मी स्वभावाने तापट नाही, पण रुसतो लवकर, हे माझी बायकोही सांगेल. आम्ही आपले खानावळीतले गिऱ्हाईक, पैसे द्या आणि गप्प बसा, असे काहीतरी मी मोठ्याने बोललो. बायको आत जाऊन हसत होती हे मला मागाहून कळले. तेवढ्यात भोंग्याचा फोन आला की, माझ्या भाच्याचा साखरपुडा आहे, वकिलाच्या गाडीतून जाऊ, चांगले कपडे घालून ये. त्यालाही वाढदिवसाची आठवण नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट आणि कातडी बूट घालून, तोंड फुगवून गाडीत बसलो.

गाडी शहराबाहेर पडून डोंगराकडे वळली तरी मी काही विचारले नाही, कारण मी बोलत नव्हतो. पायथ्याशी गाडी थांबल्यावर भोंगा खाली उतरला आणि घोषणेच्या आवाजात म्हणाला, "पन्नाशीकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, ढापण्या नावाच्या प्रवाशाने रुसवा सोडून हसण्याची कृपा करावी." माझ्या बायकोने माझी कॅनव्हासची पायताणे, स्वेटर आणि रक्तदाबाची गोळी आदल्या दिवशीच त्याच्याकडे पोहोचवली होती. महिनाभर हे सगळे शिजत होते. वर पठारावर जायचे, केक कापायचा, अंधार पडायच्या आत खाली येऊन पायथ्याच्या विश्रामगृहात मुक्काम करायचा, असा बेत होता. मला रडू आले. कंपाउंडर म्हणाला, "रडतोय बघा, घोडा." मग चौघेही हसलो. दारूबाबत विचारल्यावरून सांगतो की, कोणीही दारू प्यायलेले नव्हते.

डोंगर चढायला अवघड नव्हता. मला दम लागत होता, कारण मी दिवसभर स्टुलावर बसणारा माणूस. भोंगा माझी पिशवीही आपल्या खांद्यावर घेऊन पुढे चालत होता. अर्ध्याहून वर एक मोठा खडक आहे, तिथून वाट डावीकडे वळून पठारावर जाते. तिथे भोंगा मला म्हणाला, "तू बस जरा, म्हाताऱ्या. आम्ही वर जाऊन जागा बघतो. पाणी पी, मग सावकाश ये." मी बसलो. ते तिघे केकचे खोके घेऊन वर गेले. त्यांच्या मनात काय होते ते मला माहीत नव्हते. कंपाउंडरने नंतर सांगितले की, वर केक मांडायचा, मेणबत्ती लावायची आणि तिघांनी झुडपामागे लपायचे, मी आलो की एकदम ओरडायचे.

ते गेल्यावर थोड्या वेळाने धुके उतरले. धुके आम्ही लांबून बघितले होते, ते इतक्या लवकर येईल असे वाटले नव्हते. माझ्या चष्म्यावर वाफ धरली. चष्म्याच्या दुकानदाराला स्वतःच्या हाताची बोटे दिसेनात. मला वाट समजेना म्हणून मी त्यांना हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेनंतर मला वरून कंपाउंडर फिसकन हसल्याचा आवाज आला आणि कोणीतरी त्याला गप्प केले. म्हणजे त्यांना ऐकू जात होते. ते मुद्दाम ओ देत नव्हते.

माझे डोके सणकले. सकाळपासून सगळे मिळून माझी गंमत करीत होते. सरप्राइज म्हणून झाले, पण मला तिथे भीती वाटत होती आणि ते हसत होते. मी ठरवले, आता यांनाही समजू दे. जशास तसे. मी उठून खडकाच्या मागे जाऊन बसलो. वाटेवरून मी दिसणार नाही अशी ती जागा होती.

बऱ्याच वेळाने भोंगा एकटा खाली आला. मला त्याच्या बुटांचा आवाज आला. पहिल्यांदा तो घोषणेच्या आवाजात म्हणाला, "ढापण्या नावाचे प्रवासी जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीपाशी यावे, त्यांचे नातेवाईक वाट पाहत आहेत." मला हसू आले. मी तोंडावर हात धरला. मी ओ दिली नाही.

मग तो खडकापाशी आला. म्हणाला, "अरे ढापण्या, ओ दे की. धुकं बघ किती आहे." मी ओ दिली नाही.

माझ्यात आणि त्याच्यात किती अंतर होते असे विचारल्यावरून सांगतो की, हाकेचे अंतर म्हणता येणार नाही, त्याहून जवळ. हवालदार म्हणाले, मीटरमध्ये सांगा. माझ्या दुकानात अक्षरांचा तक्ता लावलेला आहे, तो खुर्चीपासून सहा मीटरवर लावतात. तेवढे नव्हते. मी कुजबुजलो असतो तरी त्याला ऐकू गेले असते.

त्यानंतर तो म्हणाला, "चुकलं बाबा माझं. चल ये आता, मला काळजी वाटते." हे तो वेगळ्या आवाजात म्हणाला. तो आवाज माइकवरचा नव्हता. त्याची मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तो माझ्याशी या आवाजात बोलला होता. मला सगळे समजले. तरी मी मनात म्हटले, अजून थोडे रडू दे. मी ओ दिली नाही.

मी रागावून खाली निघून गेलो असेन असे त्याला वाटले असावे. तो पायथ्याच्या दिशेने उतरू लागला. तिथे वाट वळते, तो धुक्यात सरळ गेला. मला दगड घसरल्याचा आवाज आला. माणूस ओरडल्याचा आवाज आला नाही. खाली वाटेवर दगड सुटला असेल असे मला वाटले.

मग त्याने मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली. एकदाच, पूर्ण नावाने. आवाज खालून आला आणि लहान होता.

मला त्या वेळी काय वाटले असे विचारल्यावरून खरे सांगतो. मला आनंद झाला. चाळीस वर्षांत ज्याने या नावाने हाक मारली नाही त्याने शेवटी मारली, म्हटले, आला की नाही वठणीवर. मी लगेच ओ दिली नाही. मी चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा नीट पुसल्या, जशा गिऱ्हाइकाच्या पुसतो तशा, रुमालाची घडी घातली, चष्मा लावला आणि मग ऐटीत ओ दिली. त्यावर काही उत्तर आले नाही. मला वाटले, आता त्याची पाळी. मी म्हटले, "बास झाली नाटकं, ये वर." असे मी दोनतीनदा म्हटले. मग मी खालच्या बाजूला तोंड करून त्याच्या नावाने ओरडू लागलो.

माझा ओरडा ऐकून वकील आणि कंपाउंडर खाली आले. पुढचे त्यांच्या जबाबात आहे. पायथ्याच्या वस्तीवरच्या लोकांनी त्याला वर काढले. सरकारी डॉक्टर म्हणाले की, पडल्यावर तो काही वेळ शुद्धीवर असावा. हे मी वहिनींना सांगितलेले नाही.

पंचनाम्यात त्याच्या खिशात 'मेणाचे गोल कडे एक नग' सापडल्याचे लिहिले आहे. ते कडे नाही. ते पन्नास आकड्याच्या मेणबत्तीतले शून्य आहे. केकवर त्याने फक्त पाचाची मेणबत्ती लावली होती आणि शून्य खिशात ठेवले होते. ढापण्याची अक्कल पाच वर्षांच्या पोराची आहे, तेवढीच लावा, असे तो वर म्हणाला होता, हे कंपाउंडरने मला सांगितले. त्यात त्याचे काही चुकले नव्हते.

पहिल्या जबाबासाठी ठाण्याला येताना गाडीत वकील म्हणाला, "आपण हाका मारल्या, लपलो, हे काही कोणी बोलायचं नाही. पाय घसरला, संपलं. सांगून कोणाचं भलं होणार आहे? गेलेला माणूस येणार आहे का?" मी मान हलवली. वकिलाने मला जबरदस्ती केली असे माझे म्हणणे नाही. मला ते सोयीचे होते. त्याच्याविरुद्ध किंवा कंपाउंडरविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी ओ दिली नाही ती गंमत म्हणून. माझ्या मनात राग होता.

काल मी वहिनींकडे, म्हणजे भोंग्याच्या बायकोकडे गेलो होतो. त्या बालवाडीत शिकवतात. घरात माणसे होती, त्या स्वयंपाकघरात एकट्या भांडी घाशीत होत्या, घासलेलीच पुन्हा घाशीत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, मला रडू येत नाही हो. सगळे म्हणतात रडून घ्या. मला राग येतो. पन्नाशीचा बाप्या कड्यावर माकडचाळे करायला जातो, घरी पोरगी आहे, बायको आहे, काही वाटलं नाही त्याला? मी वर्गातल्या पोरांना सांगते, काठावर जाऊ नका. ती ऐकतात माझं." मग म्हणाल्या, "मेला तो मेला, वर लोकांना हसायला ठेवून गेला." त्यांनी त्याचे बूट, शर्ट, सगळे पोत्यात भरून दाराशी ठेवले होते. मुलगी दुसऱ्या खोलीत होती. तिने ते सगळे ऐकले.

मी तिथेही गप्प बसलो. त्यांनी मला चहा दिला, तो मी प्यायलो. बाहेर पडताना त्यांनी विचारले, "शेवटी काही बोलला का हो तो?" मी म्हटले, मला काही ऐकू आले नाही. खडकामागे तीनदा ओ दिली नव्हती, ही चौथी वेळ. रात्रभर मला झोप लागली नाही आणि सकाळी दुकान न उघडता मी इकडे आलो.

त्या बाईने आपल्या नवऱ्यावर जन्मभर रागावून राहावे असे त्याने काही केलेले नाही. त्यांनी माझ्यावर रागवावे. हा जबाब त्यांना दाखवता येईल का असे मी विचारले. ठाण्याचे साहेब म्हणाले, कागद नियमाप्रमाणे मिळेल, पण तुम्ही स्वतः जाऊन सांगा. इथून मी तिकडेच जाणार आहे. पोते अजून दाराशी असेल तर ते आधी आत नेऊन ठेवीन. पुढे त्या काय करतील ते करोत.

माझ्यावर काय गुन्हा लागतो असे मी विचारले. साहेब म्हणाले, ओ न देणे याला कलम नाही.

सदर जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही. ढापण्या हा शब्द एके ठिकाणी चुकला होता, तो दुरुस्त करून शेजारी सही केली आहे. वाचायला सुरुवात करताना हवालदारांनी वरच्या रकान्यातले माझे पूर्ण नाव घेतले, तेव्हा मी ओ दिली. ते म्हणाले, अहो, हाक नाही मारली, नुसते वाचतोय. मी म्हटले, असू द्या, तेही लिहा. म्हणून लिहिले आहे. हे बरोबर आहे.