स्टेशनला लागून

नालासोपारा स्टेशनाबाहेर कळंबच्या एसटीची रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढली होती. शत्रुघ्न त्यात पेढ्यांचा पुडा धरून ताटकळला होता. आज लेकाला सांगून आलेल्या मालनचे आईवडील प्रथमच घर पाहायला येणार होते. तेवढ्यात त्याच्या मागं एक कागद फडफडला.

"यशोदे, घर स्टेशनला अ‍ॅडजसंट आहे, असं मुलाच्या बापानं लिहिलंय."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे लागून. मास्तरांना विचारून आलोय."

"लागून आहे, तर आपण एसटीला कशाला उभे?"

"इंग्रजीतलं लागून जरा लांब असेल."

शत्रुघ्नानं टोपी कानापर्यंत ओढली. पत्र त्याचंच होतं.

"ते काही नाही. आपल्या वाडीत विहिरीवरून हाक मारली की शेजारी ओ देतो, त्याला म्हणतात लागून. ओ आली तर मालन दिली, नाही तर इथूनच माघारी."

"अगं, लोक बघतायत!"

"अहो शत्रुघ्नभाऊऽऽ!"

हाक अशी, की समोरच्या झाडावरचे कावळे थेट वालीवला जाऊन बसले. शत्रुघ्नाला पन्नास वर्षांची सवय. तोंडातून निघूनच गेलं, "ओऽऽ!"

"ऐकलंत? घर लागूनच आहे की हो!"