कोरा का होईना, कागद टाकायचाच

श्रावस्ती : सर, किल्ली उलटी घालताय तुम्ही.

बिभीषण सर : दोन महिन्यांत ही तक्रारपेटी उघडलीच नाही गं. गंजली असेल.

श्रावस्ती : उघडली न्हाय, पण दर शनिवारी अहवालात ‘तक्रार नाही’ लिहिलं की तुम्ही!

बिभीषण सर : जीआर आला, पेटी लावली. कुणी काही टाकतच नाही, तर मुख्याध्यापकानं काय करावं?

शाहिस्ता : कोण टाकणार सर? पेटी तुमच्याच दारावर. चिठ्ठी टाकायला गेलं की सगळा व्हरांडा बघतो. मग सुट्टीत दहावीचा रणधीर आडवा येतो, “काय गं, माझं नाव टाकलं का?”

बिभीषण सर : म्हणून तर ऐकलं तुमचं. नववीच्या पोरींनी हुकूम सोडला, आजपासून दर शुक्रवारी शाळेतल्या प्रत्येकानं कागद टाकायचा...

श्रावस्ती : नाव न्हाय, फक्त इयत्ता. सांगायचं नसंल तर कोरा टाकायचा, पण टाकायचाच! सगळेच टाकायला लागले की कुणी काय लिहिलं, कुणाला कळतंय?

बिभीषण सर : उघडली एकदाची. अरे बापरे, धरा, धरा! सांडले सगळे!

श्रावस्ती : कोरा. कोरा. हा पाचवीचा, “खिचडीत वाटाणा सापडला की आम्ही टाळ्या वाजवतो.” हा आठवीचा, “गणिताच्या तासाला सर डुलक्या घेतात.”

बिभीषण सर : तो बाजूला ठेव.

श्रावस्ती : असं कसं सर? लई महत्त्वाची तक्रार हाय ही!

बिभीषण सर : गप गं! शाहिस्ता, तू काय धुंडाळतेस एवढं?

शाहिस्ता : सातवीचे कागद. आमची धाकटी, उम्मेहानी, चार दिवस झाले घरीच हाय, सर. ती अडखळत बोलती, म्हणून रणधीरची टोळी तिच्यासारखं बोलून दाखवती. आता घरात पण तोंड उघडंना. अब्बा सोमवारी दाखला काढून तिला धाराशिवला आत्याकडं ठेवणार हायत.

बिभीषण सर : दाखला? अगं, मग मला का नाही सांगितलं?

शाहिस्ता : हानीनं शपथ घातली होती. तक्रार केली तर आणखी चिडवतील म्हणं. आता पार गळ्याशी आलंय, म्हणून बोलले.

श्रावस्ती : शाहिस्ता, हे बघ! सातवी. “उम्मेहानी बोलली की रणधीरदादा तसं करून दाखवतो. आम्ही हसतो. आम्ही हसायला नको होतं.”

शाहिस्ता : दे इकडं!

श्रावस्ती : हा आणखी एक. “तिला बोलवा. ती नव्हती म्हणून आम्ही कबड्डीत हरलो.” हा बी तिचाच... नऊ, दहा, अकरा! सर, सातवीत पोरं किती?

बिभीषण सर : सोळा. त्यातल्या अकरा जणांना माहीत होतं, अन् मी ‘तक्रार नाही’ लिहीत बसलो. चुकलं माझं, पोरींनो.

श्रावस्ती : आता रणधीरला बोलवा. मारायचं न्हाय हां सर, कायदा हाय. हे अकरा कागद त्यालाच वाचू द्या, मोठ्यानं.

बिभीषण सर : बोलावतो. त्याच्या वडिलांनाही. अन् तुझ्या अब्बांकडं, मुजीबभाईंच्या दुकानात, आज मीच जातो. शाहिस्ता, रडतेस का हसतेस गं?

शाहिस्ता : दोन्ही. सर, तुमचा फोन देता जरा?

(शाहिस्ता खिडकीपाशी जाऊन घरी फोन लावते.)

शाहिस्ता : अम्मी, हानीला दे. हानी, ऐक! तुझ्या वर्गातल्या अकरा जणांनी तुझ्यासाठी लिहिलंय. व्हय गं, अकरा! कबड्डीत हरले म्हणं तुझ्यावाचून.

बिभीषण सर : काय म्हणते?

शाहिस्ता : थांबा सर, तिला येळ लागतो. बोल हानी, आराम से.

श्रावस्ती : अगं, सांग की!

शाहिस्ता : सोमवारी शाळेत येती म्हणती!

श्रावस्ती : आई शप्पथ! सर, पेढे पायजेत!

बिभीषण सर : देतो, देतो. आधी फोन आण इकडं, मुजीबभाईंना लावतो.

शाहिस्ता : जरा थांबा ना सर. ती अजून बोलतीय.