धाकू सुताराची होडी

मंडळी, एक सांगा — ज्याच्यासाठी झिजायचं, त्याला न विचारताच झिजलं, तर ती सेवा की हट्ट? बरं, ऐका —

धाकू सुतार. नदीच्या अलीकडे त्याचं घर, पलीकडे करंजोळी गाव. धाकूनं ठरवलं — करंजोळीकरांसाठी चाळीस माणसांची होडी बांधायची!

बायको आवडी म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात पाणी गुडघाभर असतं. एकदा चालत जाऊन विचारून तरी या!"

"विचारायचं काय? नदी आहे, गाव आहे, होडी नाही!"

वा! हसू नका, आपणही असंच बोलतो!

तीन वर्षं गेली. घराची तुळई होडीत गेली. पाट गेले. रिकामा पाळणासुद्धा गेला! एकदा आवडी म्हणाली, "पलीकडे चुलींचा धूर दिसत नाही हो हल्ली."

"धुकं असेल!"

शेवटी भर दुपारी होडी पलीकडे लागली. काठावर कुणी नाही! धाकू गावात शिरला — दारं सताड उघडी, चुली थंड. कुत्रं नाही, कावळा नाही! "कुणी आहे का?" त्याचीच हाक घराघरातून परत आली...

एका ओट्यावर म्हातारी बसलेली. डोळे मिटलेले. म्हणाली, "आलास? तुझी ठोकाठोक रोज ऐकत होते. वाटायचं, कधीतरी विचारायला येशील."

"आजी, गाव कुठाय?"

"डोंगराला भेग पडली. दोन वर्षं झाली. दरड कोसळेल म्हणून सगळे वर पठारावर गेले."

धाकू धावत पठारावर चढला. माणसं दिसताच ओरडला, "अहो, तुमची म्हातारी खाली एकटीच राहिलीय!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग पाटील हळूच म्हणाले, "बाबा, आम्ही कुणालाच मागं ठेवलं नव्हतं."

काटा आला ना अंगावर? धाकू तर तिथंच मटकन बसला. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं — "तुम्हाला काय हवंय?"

एक बाई म्हणाली, "इथली विहीर फार खोल, दादा. पाणी ओढून हात सोलतात. रहाट करशील?"

धाकूनं होडी फोडली. निम्म्या फळ्याही लागल्या नाहीत! आठव्या दिवशी रहाट फिरला.

आता माझ्याकडे नका बघू! कुणी लेकासाठी दुकान थाटतंय, कुणी सुनेसाठी माडी चढवतंय — आणि ही पुढची तरुण मंडळी, मोबाइलवर जगासाठी काहीतरी घडवतायत! घडवा! पण ज्याच्यासाठी घडवताय, त्याच्याजवळ घटकाभर बसलात कधी?

नाही? मग कीर्तनाची आरती मी एकटाच म्हणतो. तुम्ही उठा — आधी त्याला विचारून या!