वर वारा फार असतो

मूल होत नसलेली जोडपी जिथे येतात, त्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सून उंच पर्वतांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करणारी असावी.

“आता मूल होईपर्यंत ते डोंगर चढणं बंद. तुझी झाडं काही पळून जात नाहीत.”

“पळतील कुठे, आई? वीतभरही वाढत नाहीत. थंडीला भिऊन जमिनीला बिलगून बसतात, उशीसारखी.”

“आणि फुलतात कधी?”

“काहींना दहा-दहा वर्षं लागतात.”

“दहा! त्यांच्या सासवा काही बोलत नाहीत वाटतं?”

“उन्हाळाच मुळी एवढासा. आधी मुळं धरायची, मग फुलायचं.”

“तुमच्या लग्नाला सात झाली. एव्हाना धरली असतील मुळं.”

“धरलीत की. पण नुसतं फुलून भागत नाही, आई. वर वारा फार असतो, मधमाश्या फिरकत नाहीत. फूल आपलं उघडं राहून वाट बघतं.”

“आणि नाहीच आली माशी तर?”

“काही जाती मग बियांच्या नादालाच लागत नाहीत. फुलाच्या जागी थेट पिल्लू-रोप धरतात. एकट्यानं.”

“अगं बाई! तू असलं काही मनात आणू नकोस हं.”

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

“या. मिस्टर कुठे आहेत? डॉक्टरांनी मागच्या खेपेलाही दोघांना बोलावलं होतं.”

सून काही बोलायच्या आत सासूच उठली.

“नाही आला,” ती म्हणाली. “त्याच्याकडे वारा फार असतो.”